जोत्याची उंची

शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची पातळी धरायची. तिच्यावर दोन फूट मोजायचे आणि साध्या इमारतीचं जोतं तिथे घ्यायचं. इमारत लष्करी मोहिमेला अत्यावश्यक असेल तर तीन फूट. पूरक्षेत्रातल्या लष्करी बांधकामासाठीचा हा नियम अमेरिकेच्या ऑगस्ट २०१८ च्या संरक्षण कायद्यात आहे. जहाजं, क्षेपणास्त्रं आणि पगारवाढीच्या शेकडो कलमांत तो कुणाच्या नजरेत भरण्यासारखा नाही. कृष्णाकाठच्या माणसाला मात्र तो वाचताक्षणी कळेल. आपल्याकडे पंचवीस वर्षांच्या पुराची निळी रेषा असते, शंभर वर्षांच्या पुराची लाल. सांगलीत आयर्विन पुलाशी पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा आणि ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं. कोणत्या आकड्याला कोणत्या गल्लीत पाणी येतं हे तिथल्या माणसाला हवामानशास्त्र न शिकता पाठ असतं.

आता दुसरा कागद. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री पीट हेगसेथ यांनी समाजमाध्यमावर जाहीर केलं की आपलं खातं ‘क्लायमेट चेंज क्रॅप’ (हवामानबदलाची फालतूगिरी) करत नाही, प्रशिक्षण आणि लढाई करतं. त्याच महिन्यात त्यांच्या खात्याचा आदेश निघाला: हवामानबदलाच्या नावानं चाललेली कामं आणि योजना थांबवा. पण त्याच आदेशात एक अपवादही होता. हवामानाचा मोहिमांवर होणारा परिणाम तपासायला, त्यातला धोका कमी करायला आणि तळ अधिक टिकाऊ करायला या आदेशाची आडकाठी नाही. थोडक्यात, शब्दाला बंदी आली, जोत्याला आली नाही.

निवृत्त सेनाधिकारी आणि धोरणतज्ज्ञ गेली अठरा-एकोणीस वर्षं हवामानाबद्दल जे सांगत आले, त्याची किंमत मला या दोन कागदांच्या मधल्या फटीत दिसते. त्यांचं जे वाक्य गाजलं ते कमकुवत होतं. जे कामाचं होतं ते फुटांत, अंशांत आणि लिटरांत सांगितलेलं होतं, आणि त्याला टाळ्या कधीच पडल्या नाहीत.

आधी ते गाजलेलं वाक्य. एप्रिल २००७ मध्ये सीएनए या अमेरिकी संशोधनसंस्थेनं अकरा निवृत्त जनरल आणि अ‍ॅडमिरल यांच्या सल्लागार मंडळाचा अहवाल काढला. अध्यक्ष होते माजी लष्करप्रमुख जनरल गॉर्डन सलिव्हन. सूत्रं होती शेरी गुडमन यांच्या हाती. १९९० च्या दशकात त्या पेंटॅगॉनमध्ये पर्यावरणीय सुरक्षेचं काम बघत होत्या. मंडळात अवकाशवीर आणि नासाचे माजी प्रमुख रिचर्ड ट्रूली होते, नौदलाच्या अणुभट्ट्या सांभाळलेले फ्रँक बोमन होते, मध्यपूर्वेची कमान सांभाळलेले अँथनी झिनी होते. यांतले काही सुरुवातीला साशंक होते. जंगल-पाणी वाचवणाऱ्यांच्या मोर्च्यात यांतलं कुणी कधी दिसलं नसतं. म्हणून तर त्यांचं ऐकलं गेलं.

अहवालानं हवामानबदलाला ‘थ्रेट मल्टिप्लायर’ म्हटलं, म्हणजे असलेला धोका गुणणारा. शब्द चटकन उचलला गेला आणि पुढे पेंटॅगॉनच्या स्वतःच्या दस्तऐवजांतही शिरला. २०१४ च्या दुसऱ्या अहवालात मंडळानं एक पायरी वर चढून त्याला संघर्षाला चालना देणारा घटक ठरवलं.

मला त्या अहवालातली दुसरी एक गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते: अनिश्चिततेकडे बघायची रीत. शास्त्रज्ञ ९५ टक्के खात्री होईपर्यंत निष्कर्ष काढत नाही, आणि त्याच्या धंद्यात ते बरोबरच आहे. सलिव्हन यांचं म्हणणं असं, की रणांगणावर पूर्ण खात्रीची वाट बघणाऱ्याचं काहीतरी वाईट होतं. पाणबुडीतल्या अणुभट्टीचा माणूस तर जवळपास कधीच न घडणाऱ्या बिघाडासाठी आयुष्यभर आराखडे करत असतो. शक्यता कमी असेना का, परिणाम मोठा असेल तर आजच खर्च करायचा. विमा काढणारा शेतकरीही हेच करतो. पण खांद्यावर चार तारे असले की त्याला रणनीती म्हणतात.

गुणाकाराची गंमत अशी की पहिला आकडा शून्य असेल तर दुसरा कितीही मोठा असो, उत्तर शून्यच. १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री भोला चक्रीवादळ पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर आलं आणि तीन ते पाच लाख माणसं गेली. मदतीत झालेल्या हलगर्जीचा राग आधीच्या अन्यायावर चढला, डिसेंबरच्या निवडणुकीत अवामी लीगनं पूर्व भाग जवळजवळ पूर्ण जिंकला, आणि १९७१ चा पुढचा इतिहास आपल्याला माहीत आहे. वादळानं देश तोडला नाही. तुटत आलेल्या देशाला त्यानं गुणलं. नंतर त्याच किनाऱ्यावर १९७२ पासून स्वयंसेवकांची फळी उभी राहिली, निवारे बांधले गेले, सायकलवरून भोंग्यानं इशारे दिले जाऊ लागले. मे २०२० मध्ये अम्फान आलं तेव्हा बांगलादेशातले मृत्यू काही डझनांत मोजता आले. वादळं तशीच आहेत, पहिला आकडा खाली आला. ‘हवामानामुळे युद्धं होणार’ असं ठोकून देणारे सल्लागार ही पायरी गाळतात, आणि मग प्रत्येक दुष्काळग्रस्त माणूस त्यांना सीमेकडे निघालेला धोका दिसू लागतो. जनरल मंडळींच्या सल्ल्यातली ही सर्वात वाईट सवय आहे.

कामाचा सल्ला वेगळ्या प्रश्नापासून सुरू होतो. तापमान किती अंशांनी वाढणार, हा तो प्रश्न नव्हे. आपलं कोणतं काम कोणत्या आकड्याला बंद पडतं, हे आधी शोधायचं.

व्हर्जिनियातला नॉरफोक हा जगातला सर्वात मोठा नौदल तळ. तिथल्या सूअल्स पॉइंटवर १९२७ पासून भरतीची नोंद आहे. पाणी वर्षाला साधारण साडेचार मिलिमीटरहून थोडं जास्त चढत आलंय, म्हणजे आजवर जवळपास दीड फूट. यातला बराच वाटा जमीन खचण्याचा आहे. (मुंबईत अपोलो बंदरची नोंद त्याहून जुनी, १८७८ पासूनची. तिथला चढ मात्र बराच मंद निघाला.) दीड फुटानं विमानवाहू जहाजाचं काय बिघडतं? जहाजाचं काहीच नाही, ते तरंगतं. बिघडतं धक्क्याचं. जुने धक्के एकमजली, आणि जहाजाला लागणारी वीज, वाफ, पाणी, दूरध्वनीच्या तारा हे सगळं धक्क्याच्या फरशीखाली लटकवलेलं. वादळी वारा आणि मोठी भरती जुळून आली की खारं पाणी या वाहिन्यांना लागतं. मग वीज तोडावी लागते, आणि धक्क्याला लागलेलं जहाज स्वतःची यंत्रं चालवत बसतं किंवा दुरुस्ती अर्धवट सोडतं. उपाय म्हणून दुमजली धक्के आले. वाहिन्या खालच्या बंदिस्त मजल्यावर, पाण्यापासून पुरेशा उंच, आणि क्रेन, मालमोटारींची ये-जा वरच्या मजल्यावर मोकळी. पण धक्का उंच करून भागत नाही. नौसैनिक राहतात शहरात, आणि तळाकडे येणारा रस्ता बुडाला तर कोरड्या धक्क्यावर माणसंच पोचत नाहीत. तळाचा आराखडा करताना कुंपणाबाहेरचं गटार मोजायला विसरणं ही या धंद्यातली नेहमीची चूक.

उष्णतेचा आकडा तर याहून रोजचा. अमेरिकी प्रशिक्षण केंद्रांवर उन्हाचं मोजमाप साध्या तापमापकावर होत नाही. तीन तापमापक असतात: एकाच्या फुग्याभोवती ओलं फडकं, दुसरा काळ्या पोकळ गोळ्यात उन्हात ठेवलेला, तिसरा साधा, सावलीतला. पहिल्याचं वजन ०.७, दुसऱ्याचं ०.२, तिसऱ्याचं ०.१. बेरीज ३२.२ अंश सेल्सिअसच्या वर गेली की काळा झेंडा, म्हणजे धोक्याची सर्वात वरची पायरी. समजा नागपुरात मे महिन्यात साधं तापमान ४४, ओलं २३, गोळा ५८. उत्तर येतं ३२.१. मुंबईत साधं ३३, ओलं २८, गोळा ४५ धरा. उत्तर ३१.९. अकरा अंशांचा फरक ओल्या फडक्यानं पुसून टाकला. वर्तमानपत्रात ३३ वाचून कवायत लावणाऱ्याच्या हातून माणूस दगावतो तो इथे.

काळ्या झेंड्याखाली जड काम तासातून दहा मिनिटं, पन्नास मिनिटं विश्रांती. हलकं काम असेल तर बरोबर उलटं. पाणी तासाला साधारण एक लिटर. दीड लिटरच्या वर जायचं नाही आणि दिवसाला अकरा-बारा लिटरच्या वर तर नाहीच, कारण नुसतं पाणी ढोसत राहिल्यानं रक्तातलं सोडियम उतरतं आणि माणूस उष्माघातासारखाच भेलकांडतो. अशा वेळी त्याला आणखी पाणी पाजणं जिवावर बेतू शकतं. दमट हवेत अंगात चिलखत असेल तर मोजलेल्या आकड्यात पावणेतीन अंश मिळवायचे. आणि खरोखर उष्माघात झालाच तर आधी थंड करायचं, मग हलवायचं. बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरी मैदानावरच तयार लागतात. रुग्णवाहिकेची वाट बघत सावलीत झोपवून ठेवणं ही घातक चूक. हवामानबदल इथे कसा शिरतो? काळ्या झेंड्याचे तास वाढले की वर्षातले कवायतीचे तास तेवढे कमी होतात. पहाटे तीनला सुरुवात करून काही भरून निघतात, सगळे नाहीत.

तिसरा आकडा आपल्या घरचा. लेहची धावपट्टी १०,६८२ फुटांवर. त्या उंचीवर प्रमाण हवेचं, म्हणजे विमानांच्या गणितासाठी ठरवून घेतलेल्या हवेचं, तापमान उणे सहाच्या आसपास धरतात, आणि त्याहून प्रत्येक अंशाला विमानाला जाणवणारी उंची सुमारे १२० फुटांनी वाढते. सकाळी १२ अंश असतील तर विमानाच्या दृष्टीनं धावपट्टी जवळपास १२,९०० फुटांवर. दुपारी ३० अंश झाले की तीच १५,००० फुटांवर. पंखाखाली हवा विरळ, इंजिनात हवा विरळ, धाव लांबते आणि वजन उतरवावं लागतं. म्हणून लेहची विमानं सकाळी उरकतात. जुलै २०२४ च्या अखेरीस उष्णतेमुळे काही उड्डाणं रद्दच करावी लागली. प्रवाशाचा एक दिवस गेला, चिडचिड झाली. लष्कराच्या बाबतीत तेच गणित मालवाहू विमानातल्या टनांत आणि सियाचीनच्या चौकीवर चीता हेलिकॉप्टर एका फेरीत किती किलो नेऊ शकतं यात उतरतं. तिथे मुळातच काही किलोंचा हिशोब असतो. एक फेरी वाढली म्हणजे वैमानिक आणखी एकदा त्या खिंडीतून गेला.

इंधनाचाही असाच हिशोब आहे. जुलै २००६ मध्ये इराकच्या अन्बार प्रांतातून मेजर जनरल रिचर्ड झिल्मर यांनी सौर आणि पवनऊर्जेची तातडीची मागणी पाठवली. पर्यावरणप्रेमापोटी अर्थातच नव्हे. जनरेटरचं डिझेल आणणारे ताफे रस्त्यावरच्या बॉम्बचं सोपं लक्ष्य झाले होते. अफगाणिस्तानातल्या २००७ च्या आकडेवारीवरून अमेरिकी लष्करानं काढलेला हिशोब: दर २४ इंधन ताफ्यांमागे एक जण मृत किंवा जखमी. पुढे तंबूंवर फोमचा जाड थर फवारून वातानुकूलन यंत्रांचं डिझेल वाचवलं गेलं. दिसायला ते तंबू वारुळासारखे बेढब. पण न निघालेल्या ताफ्यावर हल्ला होत नाही.

आकडे माहीत असूनही फसगत होते ती कशी, हे बघायला २०१८-१९ चे सहा महिने पुरेत. १० ऑक्टोबर २०१८ ला मायकल चक्रीवादळ फ्लोरिडातल्या टिंडल हवाई तळावर आलं. बहुतेक एफ-२२ लढाऊ विमानं आधीच उडवून नेली होती, पण दुरुस्तीतली १७ हँगरमध्येच राहिली आणि छप्परं त्यांच्यावर आली. विमानं वाचली. तळ उभारायचा खर्च मात्र पाच अब्ज डॉलरच्या घरात गेला. तयारीची यादी बनवताना ‘विमानं हलवा’ एवढं लिहून भागत नाही. कोणत्याही दिवशी काही विमानांची इंजिनं काढलेली असणार, ती कुठे ठेवायची? पुढे मार्च २०१९ मध्ये नेब्रास्कातल्या ऑफट तळाचा एक तृतीयांश भाग मिसुरी नदीच्या पुरानं बुडाला. सैनिकांनी लाखो वाळूच्या गोण्या रचल्या, मग पाणी थांबत नाही असं बघून माघार घेतली. बांध उंच करायचं २०११ च्या पुरानंतरच ठरलं होतं. वर्षं परवानग्यांत गेली. सल्ला होता, पण बांध मंजुरीच्या कागदांतून बाहेर पडत नव्हता. पाटबंधारे, महसूल आणि नगरपालिका यांच्यामध्ये अडकलेला नाला ज्यानं बघितला आहे त्याला यात परकं काही वाटणार नाही.

आपल्या उपखंडातही असे सल्लागार आहेत. २०१६ मध्ये पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल तारिक वसीम गाझी, बांगलादेशचे मेजर जनरल मुनीरुज्जमान आणि भारताचे एअर मार्शल ए. के. सिंग या तीन निवृत्तांनी मिळून दक्षिण आशियातल्या हवामान आणि सुरक्षेवर अहवाल लिहिला. एकमेकांविरुद्ध आराखडे करण्यात उमेदीची वर्षं गेलेली माणसं एका कागदावर सह्या करतात, हे निवृत्तीनंतरच शक्य होतं. हुद्द्यावर असताना हिमनदी दोघांची असं म्हणणं परवडत नाही. एप्रिल २०२५ मध्ये भारतानं सिंधू जलकरार स्थगित ठेवल्यावर तर ते आणखी दूर गेलं.

आणि सरकारी पातळीवर? १३ डिसेंबर २०२१ ला आयर्लंड आणि नायजर यांनी सुरक्षा परिषदेत हवामान सुरक्षेचा ठराव आणला. बारा मतं बाजूनं पडली. रशिया आणि भारत विरोधात, चीन तटस्थ. रशियाच्या नकाराधिकारानं ठराव पडला. भारताचं म्हणणं, हा विषय सगळे देश जिथे बसतात त्या हवामान परिषदेचा आहे, पाच कायम सभासदांच्या खोलीतला नाही. परदेशी वर्तमानपत्रांनी भारताला नावं ठेवली, पण या मुद्द्यात मला तथ्य दिसतं. ज्यांच्या सैन्याच्या उत्सर्जनाची मोजणी १९९७ च्या क्योटो करारात बरीचशी बाहेर ठेवली गेली आणि २०१५ च्या पॅरिस करारात ऐच्छिक राहिली, त्यांनीच हवामानाचा पोलीस व्हावं हे विचित्र आहे. जगातल्या सैन्यांचा वाटा एकूण उत्सर्जनाच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास असावा असा २०२२ चा एक अंदाज आहे. अंदाजच, कारण मोजू दिलेलं नाही. परिषदेत ‘नाही’ म्हणण्याचा हक्क भारताला आहे. पण त्या नकारानं आपल्या डोंगरातलं गणित सुटत नाही.

उत्तर सिक्कीममध्ये सुमारे ५,२०० मीटरवर दक्षिण ल्होनाक हे हिमनदीच्या वितळण्यानं वाढत गेलेलं सरोवर. फुटण्याचा धोका शास्त्रज्ञ २०१३ पासून सांगत होते. २०१६ मध्ये तिथे तीन आठ-इंची पाइप नेऊन सायफननं पाणी उतरवायचा प्रयोग झाला. समुद्रसपाटीला सायफन तत्त्वतः दहा मीटर उंचवटा ओलांडतो. त्या उंचीवर हवेचा दाब निम्म्यावर येतो, म्हणून पाच मीटरच्या थोडं वर, आणि प्रत्यक्षात त्याहूनही कमी. तिन्ही पाइपांतून मिळून सेकंदाला १५० लिटर, म्हणजे दिवसाला सुमारे तेरा हजार घनमीटर. २०२३ मध्ये जे पाणी बाहेर पडलं त्याचा अंदाज पाच कोटी घनमीटरचा आहे. या वेगानं ते उपसायला दहा वर्षांहून जास्त लागली असती, वरून येणारं नवं पाणी शून्य धरलं तरी.

३ ऑक्टोबर २०२३ च्या रात्री सरोवराच्या कडेचा गोठलेल्या मातीदगडांचा उतार आत कोसळला. लाटेनं तोंडाचा बांध कापला. चुंगथांगचं १,२०० मेगावॉटच्या प्रकल्पाचं धरण, साठ मीटर उंच, काही मिनिटांत गेलं. त्याच्या महिनाभर आधीच सरोवरापाशी कॅमेरा आणि हवामानयंत्रं बसवली होती. पाणी आलं की आपोआप भोंगा वाजेल ही पुढची पायरी अजून व्हायची होती.

खाली सिंगतामजवळ बारदांगला नदीकाठी लष्कराची वाहनं उभी होती. त्यातली ४१ गाळाखाली गेली, २३ जवान बेपत्ता झाले. ती जागा निवडणाऱ्याला दोष देणं सोपं आहे. पण तिस्तेच्या त्या दरीत सपाट जागा नदीकाठीच असते, आणि ताफा थांबवायला सपाट जागाच लागते. पुराची रेषा तिथे पावसाच्या पुरावरून काढलेली असते, वरचं सरोवर फुटेल हे धरून नाही.

पुढचे काही दिवस तिस्तेनं पश्चिम बंगालमध्ये गाळ आणि ओंडक्यांसोबत दारूगोळाही नेला. जलपायगुडीच्या वाळूत तोफगोळे सापडू लागले. गावात कुणीतरी एक उचलून घरी आणला, त्याचा स्फोट झाला आणि एक मूल गेलं. मग लष्कराची पथकं नदीच्या दोन्ही काठांनी चालत निघाली. गोळे शोधायचे, निकामी करायचे, आणि वाटेत भेटेल त्या प्रत्येकाला सांगायचं: धातूचं काही दिसलं तर हात लावू नका, आम्हाला कळवा.